मठार

करड्यांच्या दुकानाची वेबसाइट माझ्या हाती आली
तेव्हा तिच्यात एकशे बेचाळीस लेख होते
आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.
तांब्यातल्या पाण्याचे सात फायदे.
दहा फायदे. उन्हाळ्यातले फायदे.
मधेच कुठे, पैठणी कशी धुवावी.
शब्दामागे साठ पैसे घेऊन कुणी लिहिलेले.
मी ओळखते त्या घाईला,
मीही तशीच लिहायचे.

मोरेश्वर करडे म्हणाले, पोरगा सांगतो,
लोक आता त्या बोलत्या यंत्राला विचारतात
आणि ते आपलं नाव घेत नाही.
चार पिढ्या भांडी बाजारात बसलोय,
त्याला ठाऊक नाही?

काका, मी म्हटलं,
त्याला ठाऊक व्हावं असं आपण बोललोच कुठे.

बुधवार होता. गंगेवर बाजार,
गल्लीत कोथिंबिरीचा वास वाट चुकून आलेला.
मागच्या खोलीत पोत्यावर बसले, मांडीवर लॅपटॉप,
समोर ते घंगाळ ठोकत होते.
हातोडी थांबल्यावरच बोलायचं, असा आमचा करार.

बुडाच्या मध्यावर एक टिंब.
पहिला ठोका तिथं.
मग त्याला धरून दुसरा, तिसरा, गोल गोल,
प्रत्येकानं आधीच्याची कड जराशी खायची.
शिवायचं, चढायचं नाही.
जागा सुटली की पत्रा तिथं मऊ राहतो,
आणि पोचा बरोब्बर तिथंच येतो.

मी टंकणं थांबवलं.
तीन महिने ग्राहकांना जे समजावत होते
ते एवढंच होतं.

त्या रात्री नव्वद लेख काढले.
सात फायदे, दहा फायदे, सगळे एका मुशीत.
मोडीत घालतेस? दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं.
हो.
मग आधी वजन कर.
केलं. वितळून उरलं ते चार परिच्छेद.

मध्यावर एक पान ठेवलं: तांब्याचं भांडं.
त्याला लागून कल्हई, कल्हईला लागून नवसागर,
आणि आंबट का ठेवू नये,
आणि ताक तर का नाहीच.
सातपूरच्या कुणा बाईंनी फोनवर विचारलं होतं,
पाणी हिरवट दिसतंय, टाकू का;
तो प्रश्न कॅलेंडरच्या पाठीवर सापडला,
तिच्याच शब्दांत पान झाला.
बंबापासून घंगाळाकडे वाट,
घंगाळापासून परत मध्यावर.
कुठलंच पान एकटं झोपलं नाही.

एका लेखापाशी त्यांनी चष्मा काढला.
तांब्यानं असाध्य रोग बरे होतात, असं त्यात होतं.
हे मी कधी म्हणालो?
माझा हात बाजूला सारून
स्वतःच्या बोटानं खोडलं.
मग तिथं काय लिहू?
लिही, माहीत नाही. डॉक्टरांकडे जा.
वेबसाइटवरचं सगळ्यात छोटं पान ते.
मला वाटतं, सगळ्यात जड.

नंतर काही झालं नाही.
आठवडे गेले. यंत्राला विचारावं
तर ते दुसऱ्याच गावाची दुकानं सांगे.
काका विचारत नसत,
मीच रोज सकाळी चहाआधी बघायची,
परीक्षेचा निकाल लागल्यासारखी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी विचारलं:
कल्हई उडाली हे कसं ओळखावं?
यंत्र म्हणालं, आतून बोट फिरवा,
जिथं अडेल तिथं उडाली.
खाली बारीक अक्षरांत: करडे, भांडी बाजार, नाशिक.

धावत गेले. फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.
नाव त्यांनी वाचलंच नाही.
दोनदा ओठ हलवून उत्तर वाचलं,
आणि म्हणाले,
बोट नाही. अंगठा.
तोही ओला.
सांग त्याला.

हातोडी पुन्हा सुरू झाली.
मी पोतं ओढून बसले,
आणि आधीच्याची कड जराशी खात
नवीन पान उघडलं.